अक्कम्माच्या शेजारची कोरी फरशी

कल्लप्पा बायकोला कधी हाक मारून उठवत नसे. अक्कम्माला ऐकूच येत नव्हतं. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही कान गेले होते. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की सगळी चाळ जागी व्हायची, पोरं रडायची, नळावर घागरी आदळायच्या आणि अक्कम्मा मात्र गाढ झोपलेली असायची. मग कल्लप्पा तिच्या पायथ्याशी बसायचा आणि तिच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून हलकेच दाबायचा. ती डोळे उघडायची, त्याला बघायची आणि मग उठायची. खांद्याला हात लावलेला तिला चालत नसे, दचकायची. कल्लप्पाची रात्रपाळी असली की हे काम शेजारच्या इमामबीकडे असायचं. तिनं एकदा चुकून खांदा हलवला. नंतर ती सगळ्यांना सांगत होती, "ऐसी चिल्लाई माँ, पूरी चाळ जमा हो गई!"

दोघंही गिरणीत कामाला होते. कल्लप्पा कापड विणायच्या साच्यावर, अक्कम्मा रिळांच्या खात्यात. त्यांची मुलगी शिवबाई शाळेत माझी विद्यार्थिनी होती आणि पुढं आमची ख्रिस्ती मंडळीही एकच झाली, म्हणून मला हे घर आतून माहीत. घरात कानडी बोलायचे. अक्कम्मा ओठांवरून ओळखायची आणि कल्लप्पाचे ओठ जरा जास्तच हलायचे. सवयीनं तो आमच्याशीही तसंच बोलायचा, एकेक शब्द उघडून दाखवल्यासारखा. उंच, वाळका माणूस. भुवयांवर कापसाची लव कायम.

त्यांना या शहरात आणलं हिंदुरावानं. अक्कलकोटच्या बाजूला त्याचं आणि कल्लप्पाचं गाव शेजारी होतं. हिंदुराव गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम झाला, त्यानं कल्लप्पाला साच्यावर चिकटवलं, चाळीत खोली मिळवून दिली, आणि पुढं स्वतः ख्रिस्ती झाल्यावर मंडळीतही तोच दोघांना घेऊन आला. हिंदुरावाचा आवाज भरदार होता आणि समजावून सांगण्याची हातोटी अशी, की आपल्यालाही शाळेत तसं शिकवता यावं म्हणून मी त्याच्याकडे कान देऊन बसत असे. शनिवारी संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर तो दहा-पंधरा माणसं गोळा करून शास्त्रातल्या गोष्टी सांगायचा.

मरणाबद्दल त्यानं सांगितलेलं मला अजून आठवतं. "पहिल्या ख्रिस्ती लोकांत मेला असं म्हणायचेच न्हाईत," तो म्हणाला होता. "झोपला म्हणायचे. प्रभूनंच तसं शिकवलं. एका घरात पोरगी मेली म्हणून रडारड चालली व्हती, तर प्रभू म्हणाला, मेली न्हाय, झोपलीय. लोक हसले त्येला. त्यानं हात धरला आणि उठवली. तसं समद्यास्नी उठवायचं हाय. नुसता आत्मा न्हवं, ह्यो हाताचा, पायाचा देह. शेवटच्या दिवशी कर्णा वाजंल आणि कबरीतली माणसं उठून बसतील."

"कर्णा म्हंजे?" कुणीतरी विचारलं.

"भोंगा की रं! देवाचा भोंगा. एकदाच व्हणार, आणि पाळीवर समदे हजर."

सगळे हसले. कल्लप्पा हसला नाही. तो तेव्हा नवीनच यायला लागला होता, शेवटी बसायचा. त्यानं हात वर केला आणि विचारलं, "आणि ज्येला ऐकू येत न्हाय, त्येनं?"

आता तर लोक गुडघ्यांवर हात मारून हसले. हिंदुरावही हसला, पण त्यानं उत्तर दिलं. म्हणाला, "तू हायस की अंगठा दाबायला! तुला शेजारीच झोपायचं हाय."

कल्लप्पानं मान हलवली. एवढ्यावर तो ख्रिस्ती झाला असं मी म्हणणार नाही. माणूस अनेक कारणांनी कुठंतरी पोचतो. पण मला त्यानं नंतर सांगितलं होतं, "बाई, बाकीचं मला अर्दंच कळलं. हे पुरं कळलं."

दुष्काळाच्या आदल्या वर्षी, उन्हाळ्यात, अक्कम्मा गेली. दोन दिवस पोटात दुखत होतं, तिसऱ्या दिवशी ती उठली नाही. कल्लप्पा अंगठा दाबत बसला होता. इमामबीनं येऊन त्याचा हात सोडवला.

आमच्या दफनभूमीत कबरी पूर्व-पश्चिम असतात, पाय पूर्वेकडे. उठून बसलं की तोंड उगवतीकडे यावं, ही फार जुनी, पहिल्या मंडळींपासूनची समजूत. आणखी दोन रीती आमच्याकडच्याच. जोडीतलं एक गेलं की त्याच्या शेजारी दुसऱ्याची जागा धरून ठेवायची. तिथं एक शहाबादी फरशी आडवी टाकतात, काही न लिहिलेली. तिला आम्ही कोरी फरशी म्हणतो. कोरी फरशी कुणी हलवत नाही. दुसरी रीत मातीची. पहिली मूठ घरच्यांनी टाकायची नाही, ज्यानं त्या माणसाला ख्रिस्ती विश्वासात आणलं त्यानं टाकायची.

अक्कम्मावर पहिली मूठ हिंदुरावानं टाकली. एका अंगाला कडुनिंबाचं झाड होतं, दुसऱ्या अंगाला कल्लप्पानं फरशी ठेवली. तेव्हा हिंदुराव मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांत होता आणि दफनभूमीचं काम त्याच्याकडेच होतं. त्यानं फरशीवर तळहात ठेवला आणि आम्हां सगळ्यांसमोर सांगितलं, "कल्लप्पा, तिच्या शेजारी तूच. हितं दुसरं कोण यायचं न्हाय. ह्यो माजा शब्द."

त्यानंतर कल्लप्पा सावरला. दर रविवारी उपासना झाली की तो दफनभूमीत जायचा, फरशी पुसायचा, थोडा वेळ तिच्यावर बसायचा. मी एकदा म्हटलं, "स्वतःच्या कबरीवर बसायला काही वाटत नाही?"

"कबर कशी, बाई? अंथरूण हाय. पसरून ठिवलंय."

गिरणीतून तो निवृत्त झाला. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, त्या साली ज्वारी बरी आली. सुगीच्या तोंडावरच शिवबाईचा नवरा बैलगाडीवरून पडून जायबंदी झाला, म्हणून कल्लप्पा काढणीला मुलीच्या गावी गेला तो पार मळणी उरकूनच परतला.

तो नसताना हिंदुरावाचा मेव्हणा वारला. पुण्याकडे मोठ्या हुद्द्यावर होता, बहिणीकडे आला असताना छातीत कळ येऊन गेला. हिंदुरावाच्या धाकट्या मुलाला नोकरी त्यानंच लावून दिली होती. बहिणीनं हट्ट धरला की भावाला झाडाच्या सावलीची जागा हवी, मागच्या भिंतीशी नको. तिथं उकिरडा होता. झाडापाशी एकच जागा मोकळी दिसत होती. मी त्या दफनाला नव्हते, परीक्षांचे दिवस होते. जे होते त्यांतल्या काहींना ती फरशी कुणाची हे माहीत होतं. पण हिंदुराव स्वतः उभा राहून खणून घेत होता. त्याला कोण काय म्हणणार?

कल्लप्पा रविवारी सकाळी परतला आणि पिशवी घरी न ठेवताच उपासनेला आला. नंतर नेहमीप्रमाणे दफनभूमीत गेला. मी माझ्या आईच्या कबरीशी होते. तो अक्कम्मापाशी थांबला, मग दोन पावलं मागं गेला, फाटकाकडे बघितलं, पुन्हा झाडाकडे बघितलं. आपण चुकीच्या ओळीत आलो असं त्याला वाटलं असावं. अक्कम्माच्या शेजारी ताजी ढेकळं होती आणि त्यांवर सुकलेला मोठा हार.

फरशी त्याला हौदाशी सापडली. दफनानंतर लोक तिथं हातपाय धुतात, चिखल होतो, म्हणून कुणीतरी ती तिथं टाकली होती. तिच्यावर ओल्या पावलांचे ठसे होते. कल्लप्पानं ते हातानं पुसले. पुन्हा पुसले. मग तो सरळ देवळाच्या – चर्चला आम्ही देऊळच म्हणतो – आवारात गेला आणि मी त्याच्या मागोमाग.

हिंदुराव पायरीवर उभा राहून लोकांशी बोलत होता. कल्लप्पाला बघून तो खाली उतरला. "आलास? जावई कसा हाय?"

"माजी फरशी हौदाला लावलीस."

"कल्लप्पा, बस जरा. सांगतो."

"बसाया जागा ठिवलीस व्हय?"

आजूबाजूची माणसं जवळ सरकली. हिंदुरावानं आवाज खाली आणला. "बायको ऐकंना. भाऊ तिचा. तू हितं न्हवतास, इचारणार कुणाला? आणि हे बग, नवी ओळ धरतोय, तितली पैली जागा तुला."

"अक्कम्मा नव्या वळीत हाय?"

"अरे, अक्कम्मा तितं तरी कुटं हाय?" हिंदुराव म्हणाला. अडचणीत सापडला की त्याला ओट्यावरचा आवाज लागायचा, तो आता लागला. "अक्कम्माचा आत्मा कवाच देवाजवळ गेला. खाली उरली ती माती. मातीला काय शेजार आणि काय पाजार?"

 कल्लप्पा एकेक शब्द ओठांनी उघडून दाखवत म्हणाला, "मग झोपलीय म्हणून कोण सांगत व्हतं? देह उठंल म्हणून? तू हायस की अंगठा दाबायला, म्हणून कोण म्हणालं व्हतं, हिंदू?"

"ती तवा समजवायची रीत व्हती."

"व्हय," कल्लप्पा म्हणाला. "मला समजली."

तो पिशवी उचलून चालू लागला. मी दोघांनाही वर्षानुवर्षं ओळखत होते. हिंदुराव दुष्ट नव्हता. बायकोला नाही म्हणण्यापेक्षा कल्लप्पाला नाही म्हणणं त्याला सोपं गेलं, एवढंच. पण जागा घेतली त्याहून त्याचं हे शेवटचं बोलणं कल्लप्पाला लागलं. जागा तो नसताना गेली होती. शिकवण त्याच्या तोंडावर काढून घेतली.

आमचे पाळक जोतीराम तेव्हा नवे होते, तिशीच्या आतले, धर्मविद्येचं शिक्षण घेऊन आलेले. त्या आठवड्यात कल्लप्पा मला घेऊन त्यांच्याकडे गेला. एकट्यानं गेलो तर समजणार नाही, म्हणाला. पाळकांनी आम्हांला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला.

"खरं काय त्ये सांगा," कल्लप्पा म्हणाला. "ती झोपलीय का गेलीय?"

जोतीराम पाळकांनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "पहिल्या मंडळींनी दोन्ही म्हटलंय, मामा. त्या काळचे शहाणे लोक म्हणायचे की देह ही कोठडी, मेलं की आत्मा सुटला, देह टाकून द्यावा. आपले लोक म्हणाले, नाही. देह देवानं केलाय, देव तो टाकून देणार नाही, उठवील. म्हणून ते पुरण्याच्या जागेला झोपायची जागा म्हणायचे. ते नावच पडलं तिला. पण विश्वासासाठी ज्यांना मारायला न्यायचे, ती माणसं असंही म्हणायची की आज मी माझ्या प्रभूपाशी जातो. मधल्या काळात माणूस कसा असतो यावर त्यांच्यात एकमत नव्हतं. सुखरूप असतो, एवढं धरून होते. शेवट मात्र उठण्यातच. मातीला किंमत नाही असं म्हणणारे तेव्हाही निघाले होते, त्यांना मंडळीनं खडसावलं."

"म्हंजे हिंदुरावानं आदी सांगितलं त्येच खरं."

"आधी सांगितलं ते खरं. परवा सांगितलं ते अर्धं."

कल्लप्पानं चहाचा कप खाली ठेवला. पाळकांना वाटलं, आता धीर द्यावा. ते म्हणाले, "मामा, त्या काळात एका गावी शिपायांनी विश्वासणाऱ्यांना मारलं, देह जाळले आणि राख नदीत टाकली. म्हणाले, आता बघू कसे उठतात ते. पण मंडळी डगमगली नाही. देवाला जागा लागत नाही. नदीतून उचलील, समुद्रातून उचलील. आणि त्या दिवशी अक्कम्मामावशीला ऐकूही येईल. भोंगा पहिला तिलाच ऐकू येईल."

"येऊ द्या की. चांगलंच हाय," कल्लप्पा म्हणाला. "देवाचं काम देव करंल, त्येचा मला संशय न्हाय. पण साहेब, राख टाकणारे शिपाई परके व्हते. हितं फरशी काढणारा माजा माणूस हाय."

पाळक आम्हांला फाटकापर्यंत सोडायला आले.  पुरलेल्या माणसाला उकरून हलवता येत नव्हतं, ते कल्लप्पालाही नको होतं. "त्या पाव्हण्याशी माजं भांडण न्हाय," तो वाटेत म्हणाला. "त्यो बिचारा झोपलाय."

ईस्टरला, म्हणजे पुनरुत्थानाच्या रविवारी, आमच्याकडे पहाटेची उपासना दफनभूमीत होते. अंधार असतानाच लोक येतात, आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावतात आणि सूर्य वर येईपर्यंत गातात. त्या वर्षी कल्लप्पा सगळ्यांच्या आधी आला होता. आम्ही गेलो तेव्हा फरशी हौदाशी नव्हती. ती अक्कम्माच्या पायथ्याशी होती, वाटेच्या कडेला, आडवी. दक्षिणोत्तर. आणि कल्लप्पा तिच्यावर बसला होता. तेवढी जड फरशी त्यानं एकट्यानं कशी ओढली, कुणास ठाऊक.

वडीलजनांपैकी एकानं मोठ्यानं म्हणायचं, "प्रभू उठला आहे," आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, "खरोखर उठला आहे." त्या वर्षी हा मान हिंदुरावाचा होता. त्याचा भरदार आवाज उमटला, मंडळीनं उत्तर दिलं. कल्लप्पानं दिलं नाही. रविवार असल्यानं भोंगाही व्हायचा नव्हता. झाडावर कावळे तेवढे ओरडत होते.

आशीर्वाद झाला आणि कल्लप्पा उभा राहिला.

"समद्यांनी ऐका," तो म्हणाला. मंडळीत तो आजवर बोलला नव्हता; सगळे वळून बघू लागले. "मी मेलो की मला हितं पुरायचं. तिच्या पायाशी. शेजार गेला माजा. पण तिला मी शेजारी झोपून कवा उठवलीच न्हाय. पायथ्याशी बसून उठवायचो. ही जागा खरी माजी."

"आडवं कसं पुरणार?" एक म्हातारे म्हणाले. "तोंड उगवतीकडं पायजे. समदे उगवतीकडं उठणार आणि तू एकटा भलतीकडं?"

"मी तिच्याकडं तोंड करून उठेन."

"आणि निम्मी फरशी तर पाव्हण्याच्या पायाशी येतेय."

"त्येला बी उठवीन की," कल्लप्पा म्हणाला. "न्हायतर पुण्याची माणसं उशिराच उठत्यात."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पाळक पुढं झाले आणि म्हणाले की वाट थोडी सरकवता येईल; मंडळीला मान्य असेल तर हात वर करा. सगळ्यांत आधी हात वर गेला तो हिंदुरावाचा. त्याचे डोळे भरलेले मला दिसत होते. मेणबत्तीच्या उजेडात तो एकदम म्हातारा वाटला.

कल्लप्पानं त्याच्याकडे बघितलं. "तुजा हात खाली घे, हिंदू. ह्या बायामाणसांच्या हातांवर मी ऱ्हाईन. तुज्या हातावर एकदा राहिलो."

हिंदुरावानं हात खाली घेतला. बाकीचे हात वरच होते.

त्यानंतर तीन वर्षं दोघं एकाच चाळीत राहिले, एकाच देवळात आले आणि बोलले नाहीत. हिंदुरावानं प्रयत्न केले. सणाला करंज्यांचं ताट पाठवलं; कल्लप्पानं ते इमामबीच्या नातवंडांना वाटलं आणि ताट धुऊन परत केलं. एकदा मी विषय काढला. क्षमा करावी असं शास्त्र सांगतं, हे मी त्याला सांगण्याची गरज नव्हती, त्यानंच सांगितलं. "रोज प्रार्थनेत म्हणतो, बाई. तोंड म्हणतं. आतलं अजून म्हणत न्हाय. त्यो माजी फरशी घिऊन मागनं रडला असता तरी चाललं असतं. माती म्हणाला तिला."

शेवटच्या आजारात शिवबाई येऊन राहिली होती. मी भेटायला गेले तेव्हा कल्लप्पाचा आवाज गेला होता, पण ओठ पूर्वीसारखेच स्पष्ट हलत होते, आणि शिवबाईला आईसारखेच ओठ वाचता यायचे. ती म्हणाली, "अप्पा म्हणतोय, पैली मूठ हिंदूकाकानं टाकायची न्हाय. त्याची माती अंगावर घिऊन झोप लागायची न्हाय."

मी शिवबाईला बाजूला घेऊन विचारलं, "हे नक्की पाळायचं?" तिनं होकारार्थी मान हलवली आणि परत कल्लप्पापाशी जाऊन बसली.

दफन संध्याकाळी झालं. फरशी बाजूला काढून तिथंच खड्डा घेतला होता, आडवा, अक्कम्माच्या पायाशी. पेटी खाली उतरवली. रीतीप्रमाणे लोकांनी थोडी वाट करून दिली आणि हिंदुराव पुढं आला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. ते शिवबाईनं स्वतःकडे ठेवलं होतं. तो काठी टेकत वाकला, मूठभर माती घेतली आणि कडेशी आला.

शिवबाई मध्ये उभी राहिली. मोठ्यानं बोलली नाही. "काका, अप्पानं नको म्हणून सांगितलंय."

"मी आणलं त्येला हितं," हिंदुराव म्हणाला. "गावापासनं."

"व्हय, काका. म्हणूनच."

तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला. नेहमीसारखाच लांबत गेला. तो संपेपर्यंत कुणी हललं नाही, पाळकही पुस्तक मिटून थांबले. मग शिवबाईनं स्वतः पहिली मूठ टाकली, तिच्या मागं मी, माझ्या मागं इमामबी. फावडी चालू झाली.

सगळं उरकल्यावर लोक हातपाय धुवायला हौदाकडे गेले. हिंदुराव तिथं आधीच उभा होता, कल्लप्पानं फरशी नेल्यापासून पुन्हा होत असलेल्या चिखलात. कुणीतरी त्याला पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं घेतला नाही. त्याची मूठ अजून मिटलेलीच होती.